आवाज फाटणे

ध्वनिसंकेताची पातळी यंत्रणेच्या कमाल मर्यादेवर गेली की लहरीचा माथा दबतो किंवा कापला जातो आणि मूळ ध्वनीत नसलेले स्वरांश त्यात मिसळतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हळदीला व वरातीत अहिराणी गाण्यांचे डीजे रिमिक्स वाजतात. तिथे याला ‘आवाज फाटणे’ म्हणणे नित्याचे आहे. मात्र त्यात अ‍ॅनालॉग विरूपण (लहरीचा आकार हळूहळू बिघडणे) आणि डिजिटल क्लिपिंग (माथा एकदम कापला जाणे) या दोन्ही घटना मोडतात.

व्हॉल्व्ह (निर्वात नळी) किंवा चुंबकीय फीत मर्यादेजवळ हळूहळू दबते, माथा गोलसर होतो. मूळ स्वर मध्य षड्ज मानल्यास दुप्पट कंप्रतेचा स्वरांश तार षड्ज, तिप्पट कंप्रतेचा तार पंचम ठरतो. त्यामुळे अल्प विरूपण कानाला भरीव वाटते. 16 बिटांच्या डिजिटल ध्वनीत मात्र 32,767 ही वरची शेवटची किंमत. त्यापुढचे सारे सपाट. काहींच्या मते हा तीक्ष्ण काप हेच कर्कशपणाचे कारण होय. पण अ‍ॅनालॉग असूनही ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायरही असाच कापतो. अधिक पटणारे कारण वेगळे आहे. डिजिटल ध्वनीत सेकंदाला 44,100 नमुने (लहरीच्या पातळीची मोजमापे) घेतल्यास 22,050 हर्ट्‌झपलीकडचे स्वरांश मावत नाहीत, ते खाली दुमडतात. 15,000 हर्ट्‌झच्या स्वराचा 45,000 हर्ट्‌झचा तिसरा स्वरांश 900 हर्ट्‌झवर उतरतो आणि मूळ स्वराशी बेसूर होतो. नमुन्यांचा दर तात्पुरता वाढवून मग कापल्यास हा दोष बराच घटतो. म्हणून ‘अ‍ॅनालॉग उबदार, डिजिटल रुक्ष’ ही सरसकट विभागणी टिकत नाही.

हेतुपुरस्सर विरूपणाचा आरंभ अनेकदा 1951 मधील अमेरिकेतल्या मेम्फिसच्या एका ध्वनिमुद्रणाशी जोडतात. त्यात गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडलेला होता. त्याआधीच्या ब्लूज ध्वनिमुद्रणांतही असा नाद आढळत असल्याने ‘पहिले’ म्हणणे धाडसाचे आहे. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात रोलंड टीआर-909 (1983) या ताल वाजवणाऱ्या यंत्राचा किक ड्रम (खर्जातला मुख्य ठोका) मर्यादेबाहेर ढकलून, साधारणतः 1990 नंतर, नेदरलँड्समधील रॉटरडॅमकडील गॅबर ही शैली घडली.

अहिराणी रिमिक्समध्ये किक आणि गळा एकाच मर्यादेत बसवावे लागतात. किकने माथा गाठला की त्या क्षणी गायिकेचा शब्दही कापला जातो. प्रत्येक ठोक्याला अक्षर बुडते, आणि बोलीतल्या गाण्याचे हे मोठे नुकसान आहे. मिक्सरवर पातळी उतरवल्यावर आवाज स्वच्छ झाला, तर पुढचा अ‍ॅम्प्लिफायर कापत होता. तसाच फाटका राहिला आणि स्पीकरचा पडदा धड असेल, तर काप बहुधा फाइलमध्येच आहे. तो मूळ मिक्समध्येच दुरुस्त करावा लागतो.