बटाट्यावरचा भुंगेरा विमानातून पडला नव्हता

१९५० साली पूर्व जर्मनीत बटाट्याच्या शेतांत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कोलोरॅडो भुंगेरे माजले. सरकारनं सांगून टाकलं, अमेरिकी विमानांनी ते वरून सोडले! शाळकरी पोरांनाही किडे वेचायला जुंपलं. ही कथा अजून फिरते.

पण हा किडा १९२२ सालीच फ्रान्समध्ये बोर्दोजवळ सापडला होता. तिथून सरकत सरकत १९३०च्या दशकात तो जर्मनीत पोचला. पुढे युद्धाच्या धामधुमीत त्याला आवरणार कोण? शिवाय युरोपातल्या तपासलेल्या भुंगेऱ्यांत मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) डीएनएचा एकच प्रकार निघाला, अमेरिकेत मात्र अनेक. म्हणजे बाहेरून आलेल्या मूठभर पाहुण्यांचीच ही प्रजा. नावातलं कोलोरॅडोही फसवंच, बटाट्यावरची पहिली मोठी धाड १८५९ साली अमेरिकेतल्याच नेब्रास्का प्रांतात पडली.