सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष

रुग्णालय, विमानतळ, विद्यापीठ अशा सार्वजनिक इमारतीत प्रार्थना, नमाज, जप किंवा नुसतेच शांत बसणे यांसाठी राखलेली खोली. ती सर्व धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांसाठीही खुली असते, म्हणून तिच्यात कायमची मूर्ती, क्रूस किंवा अन्य धर्मचिन्ह सहसा ठेवत नाहीत.

न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातला ध्यानकक्ष हा याचा प्रसिद्ध नमुना. सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांनी जातीने लक्ष घालून तो नव्याने घडवला. १९५७ मध्ये तो खुला झाला. मधोमध सुमारे साडेसहा टनांची लोहखनिजाची शिळा, तिच्यावर वरून पडणारा प्रकाश आणि समोर एक अमूर्त भित्तिचित्र.

कोल्हापूरची रीत याहून निराळी आहे. बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की काही तालमींत मोहरमचे पंजे (हाताच्या आकाराची पवित्र प्रतीके) आणि गणपती शेजारी बसतात. इथे एकमेकांच्या खुणांना जागा दिली जाते, प्रार्थनाकक्षात सगळ्याच खुणा बाहेर राहतात. एका रीतीमुळे दुसरीची गरज संपत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना दर्गा किंवा अंबाबाईचे देऊळ गाठता येत नाही. मग जिन्याच्या वळणावर एखादी आजी माळ ओढत बसते आणि दोन पायऱ्या खाली कुणीतरी टॉवेल अंथरून नमाज पढतो. स्ट्रेचर आले की दोघांनाही उठावे लागते. त्यांना हक्काची दहा बाय दहाची खोली मिळायलाच हवी.

अशा खोलीचे यश बारीकसारीक सोयींवर ठरते. नमाज मक्केतील काबाकडे तोंड करून पढतात, आणि कोल्हापुराहून काबा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. ती दिशा छतावर किंवा जमिनीवर छोट्या बाणाने दाखवावी. अंबाबाई पश्चिमाभिमुख असल्याने तिच्यासमोर भक्ताचे तोंड पूर्वेला असते, आणि सूर्याला हात जोडणाराही सकाळी पूर्वेकडेच वळतो. म्हणून पूर्व आणि पश्चिम या दोन्ही भिंती मोकळ्या सोडाव्यात. वजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुण्यासाठी, बसून पाय धुता येईल असा नळ लागतो, नाहीतर लोक हात धुण्याच्या बेसिनमध्ये पाय वर करतात आणि फरशी निसरडी होते. चपलांची मांडणी दाराबाहेर, सतरंज्या आणि ग्रंथ कपाटात, गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन-चार खुर्च्या. रुग्णालयात ऑक्सिजनचा वापर असल्याने निरांजन, कापूर, उदबत्ती आणि मेणबत्ती यांना मनाई असते. खोलीला आतून कडी नसावी, आणि रात्रीही कुलूप नसावे.