पुरंदरचा तह

शिवाजी महाराज आणि मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंग यांच्यात जून १६६५ मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी झालेला तह. किल्ला पुण्याच्या आग्नेयेला, सासवड-नारायणपूरवरून गाडीरस्ता आहे, पण ताबा लष्कराकडे असल्याने गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं.

तारखेचा घोळ जुना आहे. महाराज जयसिंगाच्या छावणीत आले ते ११ जूनला असं बहुतेक मानतात, तहाची तारीख मात्र कुणी तीच देतं, कुणी १२, कुणी १३, बोलणी लांबल्यामुळे हा फरक पडला असावा. शिवाय या सगळ्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या तारखा, आजच्या हिशोबाने १० दिवस मिळवायचे, म्हणजे भेट २१ जूनला येते (राज्याभिषेकाच्या ६ जूनचंही तसंच).

किल्ले २३ दिले, ४ लाख होन (तेव्हाचं सोन्याचं नाणं) वसुलाचे, आणि १२ राखले, १ लाखाचे. बखरींत आकडा वेगळाही सापडतो, पण बखरी नंतरच्या, जयसिंगाची फारसी पत्रं त्याच वेळची, त्यामुळे २३ हाच आकडा जास्त भरवशाचा वाटतो.

वेढ्यात जयसिंगाने आधी शेजारचा वज्रगड घेतला. पुरंदरच्या माचीवर उभं राहिलं की कारण लगेच कळतं, मध्ये फक्त भैरवखिंड, पलीकडून तोफा डागल्या की माची सगळी माऱ्यात. वज्रगड एप्रिलच्या मध्यावर पडला. नंतर मोगल सरदार दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडताना मुरारबाजी देशपांडे कामी आले, माचीवर त्यांचा पुतळा आहे, तिथे दोन मिनिटं थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या तहाला नुसती हार म्हणणं बरोबर नाही. राजगड, तोरणा, रायगड हातात राहिले, आणि स्वतः दरबारी चाकरी करणार नाही ही अट महाराजांनी मान्य करून घेतली, पाच हजारी मनसब (मोगल दरबारातला हुद्दा) ८ वर्षांच्या संभाजीराजांच्या नावे लिहून घेतली. एवढी मोठी फौज दारात असताना राज्याचा गाभा वाचवला तो असा. विजापूरकरांच्या मुलखाबद्दल महाराजांनी मोगलांना ४० लाख होन हप्त्यांनी द्यायचं कलमही होतं.

१६६६ मध्ये आग्र्याला जावं लागलंच. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा परत घेतला, आणि मार्चमध्ये निळोपंत मुजुमदारांनी पुरंदर.