तीन क्लिकचा नियम? असं काही नसतं

सोलापुरात चादर-टॉवेलवाल्यांची वेबसाइट बनवताना अजूनही सांगतात की तीन क्लिकमध्ये माल दिसला नाही तर गिऱ्हाईक निघून जातं. हे खरं नाहीये. 2003 मध्येच लोक वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जोशुआ पोर्टरनं 44 जणांनी वेबसाइटवर केलेली 620 कामं तपासली, तिसऱ्या क्लिकनंतर लोक सोडून जातात असं दिसलंच नाही, जास्त क्लिक लागले म्हणून नाराजीही वाढली नाही.

नुकसान होतं ते या नियमापायी. सगळा माल एकाच मेनूत कोंबतात, मोबाईलवर चादर, नॅपकिन, टर्किश टॉवेल, बेडशीट सगळी नावं बारीक अक्षरात एकाखाली एक, अंगठा टॉवेलवर ठेवावा तर नॅपकिन उघडतो, वर 'प्रीमियम कलेक्शन' असलं बटण, आत काय आहे ते कळतच नाही. त्यापेक्षा आधी चादर, मग सिंगल का डबल, मग रंग, मग फोटो आणि भाव, होऊ द्या ना चार क्लिक! बटणावर पुढं काय मिळणार ते साफ लिहिलेलं असलं की माणूस बिनधास्त पुढं जातो. पान मात्र पटकन उघडलं पाहिजे, आणि कुरिअरचा खर्च भावाशेजारीच दाखवा, पैसे भरायच्या पानावर नको.