संपलेला साठा आणि न दिसणारी मागणी

भारताने १९५२ साली कुटुंब नियोजनाचा शासकीय कार्यक्रम सुरू केला, आणि लोकांना एकदा पटवून दिले की काम झाले, हा समज तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. पण पटलेली स्त्री आरोग्य उपकेंद्रावर येऊन माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट शिल्लक नाही म्हणून परत जाते, तेव्हा चूक साठ्याच्या हिशेबात शोधावी लागते.

माला-एनच्या पाकिटात २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. म्हणजे एकीला महिन्याला साधारण एक पाकीट लागते. समजा, एका उपकेंद्रावर अशा ४० जणी आहेत आणि मागणीपत्र पाठवल्यावर माल यायला दोन महिने लागतात. मग त्या दोन महिन्यांसाठी ८० आणि अडीअडचणीसाठी ४०, अशी १२० पाकिटे हाताशी असतानाच नवी मागणी पाठवायला हवी. ती उशिरा गेली आणि एखाद्या महिन्यात साठा १५ दिवसांतच संपला, तर नोंदवहीत खप २० एवढाच दिसतो. पुढची मागणी या २० वरून ठरते, माल पुन्हा अपुरा पडतो, खप आणखी घटलेला दिसतो, आणि अखेर वरच्या कार्यालयाची खात्री होते की या गावांना गोळ्या नकोच आहेत. यावरचा उपाय शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे: १५ दिवसांत २०, तर ३० दिवसांत ४०. किराणा दुकानदार रिकाम्या हाताने परतलेले गिऱ्हाईक लक्षात ठेवतो. दिलेल्या मालाच्या नोंदीत मात्र ते उमटतच नाही.

व्यवस्थापन म्हटले की आपल्याकडे अनेकांना उद्दिष्टे आठवतात, आणि १९७६-७७ या एकाच वर्षात, अनेक ठिकाणी सक्तीने, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या असल्याने ती भीती रास्तच आहे. १९९६ साली ही उद्दिष्टे रद्द झाली, हे योग्यच झाले. वरून लादलेल्या आकड्याला व्यवस्थापन म्हणणे मला घातक वाटते. १९६८ मध्ये १५ पैशांना तीन या दराने 'निरोध' गावोगावच्या दुकानांत पोहोचवण्यासाठी चहा, साबण विकणाऱ्या कंपन्यांचे वितरणाचे जाळे वापरले गेले, ते खरे व्यवस्थापन होते.

सेनेगलने २०१२ पासून काही भागांत मागणीपत्राची पद्धतच बदलली. मालाची गाडी ठरावीक काळाने आरोग्य केंद्रावर जाई, सोबतचा माणूस शिल्लक मोजून खपलेला माल भरून देई, आणि साठा संपण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले.

भारतातही २०१७ पासून गर्भनिरोधक साधनांच्या साठ्यासाठी संगणकीय प्रणाली आहे. अशा प्रणालींतल्या रंगीत आलेखांचे कौतुक फार होते. परंतु साठा कोणत्या तारखेला संपला आणि पुन्हा कधी आला, हे उपकेंद्रावर नोंदवले गेले नाही, तर संगणकही त्या महिन्याचा खप २० असाच दाखवील.