उतारा फाटला तरी रान जागेवरच

संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना पार्टिशन, म्हणजे डिस्कचा पाडलेला हिस्सा, उडालं, की परभणी-नांदेडकडं माणूस डोक्याला हात लावून बसतो. सगळं गेलं! बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं, आणि त्याचं मूळ 1983 सालात आहे.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी 10 एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला. एका डिस्कचे हिस्से पाडायचे, तर त्यांची नोंद पहिल्याच 512 बाइटच्या सेक्टरमध्ये ठेवायची असं ठरलं. नोंदीच्या वाट्याला 64 बाइट आले, म्हणजे 16 बाइटच्या चार ओळी. हिस्सा कुठून सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारचा आहे, मुख्यतः एवढंच त्यात. हा सातबाराच झाला. पार्टिशन डिलीट केलं की उताऱ्यावरची ओळ पुसली जाते, रानाला धक्का लागत नाही.

एक मोठी खोट होती, उताऱ्याला दुसरी प्रत नव्हती. संगणक सुरू करणाऱ्या इंटेलच्या ईएफआय प्रणालीबरोबर आलेल्या जीपीटी या नव्या नोंदपद्धतीनं ती भरून काढली: एक तक्ता सुरुवातीला, दुसरा डिस्कच्या शेवटी. जुन्या नोंदीसाठी निजामकाळातली उर्दू आणि मोडी दफ्तरं उघडावी लागलेल्या मराठवाड्याला दुसऱ्या प्रतीचं मोल वेगळं सांगायला नको.

लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स यानंही सुरुवातीच्या दिवसांत फोन लाइनवरून जोडणाऱ्या मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच डायल केलं आणि तेव्हा वापरत असलेल्या मिनिक्स या सिस्टिमचं पार्टिशन घालवलं. त्यानंतर तो पूर्णपणे लिनक्सवर आला.

पुढं टेस्टडिस्कसारखी अवजारं आली. ती डिस्कभर फिरून फाइल सिस्टिमच्या, म्हणजे फाइली मांडायच्या रचनेच्या, खुणा शोधतात आणि त्यावरून हद्दी पुन्हा आखतात. बांध कोरला गेला तरी मोजणीवाले जुन्या दगडावरून हद्द काढतात, तसं. मात्र पार्टिशनचा आकार बदलताना मध्येच लाईट गेली तर गोष्ट निराळी. तिथं डेटाच हलत असतो, नुसता तक्ता दुरुस्त करून भागत नाही. आपल्याकडची वीज पाहता हे काम बॅकअपशिवाय करूच नये.

पार्टिशन पाडायच्या एफडिस्क या अवजारात 'डब्ल्यू' दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही; चूक लक्षात आली तर 'क्यू' दाबून बाहेर पडावं. लिहून झालं असेल, तर नवं काही टाकू नये आणि मशीन घाईनं रीस्टार्टही करू नये. पार्टिशन वापरात असेल तर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीत जुना तक्ता बहुधा शाबूत असतो. स्लॅश-सिस फोल्डरमधून सुरुवातीचा सेक्टर आणि आकार वहीत उतरवून घ्यावा. तेवढ्या दोन आकड्यांवर हिस्सा पुन्हा उभा करता येतो.