केटी हुरादो

हुरादो, केटी : (१६ जानेवारी १९२४ – ५ जुलै २००२). मेक्सिकन चित्रपट अभिनेत्री. मूळ नाव मारिया क्रिस्तिना एस्तेला मार्सेला हुरादो गार्सिया. १९४३ साली, मेक्सिकन सिनेमाच्या ऐन भरभराटीच्या काळात, ती पडद्यावर आली. टपोरे डोळे आणि करारी चेहरा यांमुळे सोशिक नायिकेऐवजी भुरळ घालणाऱ्या, वेळप्रसंगी डाव साधणाऱ्या स्त्रियांच्या भूमिका तिच्या वाट्याला आल्या. संसाराला हातभार म्हणून ती वर्तमानपत्रांत सिनेमा आणि बैलझुंजींवर लिहीत असे. बड बेटिकर या दिग्दर्शकाने तिला हेरले तेही बैलझुंजीच्या मैदानातच. त्याच्या चित्रपटात (१९५१) तिने इंग्रजी संवाद अर्थापेक्षा उच्चारांवर भर देऊन पाठ केले होते.

‘हाय नून’ (१९५२) या अमेरिकन चित्रपटातील हेलन रामिरेझ ही तिची सर्वांत गाजलेली भूमिका. हेलन गावात स्वतःचा व्यवसाय चालवणारी बाई. मार्शलची (गावच्या पोलीस अधिकाऱ्याची) पूर्वीची प्रेयसी. सूड घ्यायला येणाऱ्या गुंडांपुढे गाव शेपूट घालते तेव्हा ती आपला व्यवसाय विकून ताठ मानेने निघून जाते आणि जाताजाता मार्शलच्या नवपरिणीत पत्नीला, नवऱ्याला एकटे टाकून जाण्याबद्दल, खडसावते. पत्नीच्या भूमिकेतली ग्रेस केली समोर असूनही त्या प्रसंगात नजर हुरादोवरच खिळते. मार्शलशी हेलनचे दोन वाक्यांचे बोलणे स्पॅनिशमध्ये होते, तेही भाषांतराविना. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळाले.

त्याच सुमारास मेक्सिकोत दिग्दर्शक लुईस बुन्युएलच्या ‘एल ब्रूतो’ (१९५३) मध्ये तिने म्हाताऱ्या घरमालकाची तरुण, मत्सरी बायको रंगवली आणि एरिएल हा मेक्सिकन चित्रपट पुरस्कार पटकावला.

‘ब्रोकन लान्स’ (१९५४) मधील भूमिका आधी मेक्सिकन अभिनेत्री दोलोरेस देल रिओकडे जायची होती. तिला अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला आणि काम हुरादोकडे आले. स्पेन्सर ट्रेसीच्या कोमांचे या मूळ अमेरिकन जमातीतल्या पत्नीच्या या भूमिकेत रॉबर्ट वॅग्नर तिचा मुलगा होता. ती त्याच्याहून अवघ्या सहा वर्षांनी मोठी! या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले; लॅटिन अमेरिकन अभिनेत्रीला मिळालेले हे पहिलेच.

अभिनेता अर्नेस्ट बोर्गनाइनशी तिचे दुसरे लग्न (१९५९) चार वर्षांत मोडले. १९८१ मध्ये मुलगा अपघातात गेला. पुढे जॉन ह्यूस्टनच्या ‘अंडर द व्होल्कॅनो’मध्ये (१९८४) ती दिसली. मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे तिचे निधन झाले.